आतड्याचा कॅन्सर: तिकडे एवढा, इकडे एवढासा, असं का?

शाहूपुरीकर
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला पंचेचाळीस पूर्ण झाली आणि काडीचाही त्रास नसताना तिथल्या डॉक्टरांनी त्याला कोलोनोस्कोपी (खालून नळी घालून मोठं आतडं आतून बघणं) करायला लावली. तिकडे म्हणे हा नियमच आहे. रिपोर्ट चांगला आला. आता तो रोज फोनवर माझ्यामागे लागलाय, "तू पण करून घे, आपण एका वयाचे."

इकडे आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर ते हसायलाच लागले. "तुला होतंय काय? जा, रंकाळ्याला दोन फेऱ्या मार."

दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, लहानपण दोघांचंही राजारामपुरीत गेलं, शाळा एक. मग एकाला नळी आणि दुसऱ्याला रंकाळा, हे कसं? हा कॅन्सर देशागणिक खरंच इतका बदलतो, की ते शोधतात म्हणून त्यांना सापडतो? आणि माणूस इथून उठून तिकडे गेला की त्याचा धोका बदलतो का? जाणकारांनी लिहावं. व्हॉट्सॅपवरचे फॉरवर्ड चिकटवू नयेत ही विनंती.

तांबडापांढरा
सोमवार, रात्री १०:५५

मी पयला. ह्या धाग्यात मटणाचा विषय निघणार हे लांबनंच दिसालंय. आधीच सांगून ठेवतो, पांढऱ्या रश्श्याला कुणी बोट लावायचं न्हाई. बाकी चालू द्या, वाचतोय.

सूक्ष्मदर्शी
सोमवार, रात्री ११:३०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सर्जननी कापून पाठवलेलं आतडं कात्रीने उभं उघडून बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फरक खरा आहे आणि चांगलाच मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे २०२२ चे अंदाज घ्या. मोठं आतडं आणि गुदाशय मिळून जगात वर्षाला १९ लाखांवर नवे रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू. पण वाटणी अगदी असमान. लोकसंख्येतला वयाचा फरक हिशेबातून काढून टाकला तरी डेन्मार्क, नॉर्वे या देशांत लाखात चाळिसाच्या वर आणि भारतात पाचच्या आसपास. अमेरिकेत आयुष्यभराचा धोका साधारण २४ ते २६ माणसांत एक. आपल्याकडे शंभरात एकापेक्षाही कमी.

"शोधतात म्हणून सापडतो" यात थोडं तथ्य आहे, पण या कॅन्सरमध्ये शोधण्याचा परिणाम उलटाही होतो. आतड्याच्या अस्तरावर आधी पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब, येतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. नळी घालून तो पॉलिप खुडून टाकला की पुढचा कॅन्सरच टळतो. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या लोकांत प्रमाण घटत गेलं त्याचं एक मोठं कारण हेच.

शिवाय हा फरक कोलोनोस्कोपी घरोघरी पोचण्याआधीपासून दिसत होता. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं होते. तिथल्या खेड्यांत हा कॅन्सर जवळजवळ बघायलाच मिळत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. तिथली माणसं चोथा भरपूर खातात, पोट रोज भरभक्कम साफ होतं, आणि खरं कारण तिथेच असावं, असं त्यांनी १९७१ मध्ये मांडलं. सगळंच तसं निघालं नाही, पण चोथ्याचा, म्हणजे तंतूंचा, मुद्दा आजही टिकून आहे.

सातासमुद्रापार
मंगळवार, सकाळी ६:१५

माणूस हलला की धोका हलतो का, याचं उत्तर जपान्यांनी देऊन ठेवलंय. जपानात एकेकाळी हा आजार कमी होता. तिथून हवाईला गेलेल्या लोकांत, आणि त्यांच्या मुलांत तर फारच, तो एकदोन पिढ्यांत स्थानिक गोऱ्यांच्या बरोबरीला आला, पुढे त्यांनाही मागे टाकून गेला. जनुकं काही विमानात बदलत नाहीत, म्हणजे बदललं ते ताट आणि राहणी. गंमत पुढेच आहे. युद्धानंतर खुद्द जपानातच खाणं बदललं, आणि आज जपान स्वतः वरच्या देशांत जाऊन बसलाय. जे बोटीने गेले नाहीत त्यांच्याकडे बोट चालून आली!

काळ्या अमेरिकनांचं उदाहरण याहून बोलकं आहे. पुढे सांगतोय त्या अभ्यासात त्यांचं तेव्हाचं प्रमाण लाखात ६५ च्या घरात दिलं होतं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यात पाचाच्या आत. २०१५ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी दोन्हीकडची वीस-वीस माणसं घेतली आणि दोन आठवडे त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकनांना मक्याची कण्या-लापशी नि घेवडे, आफ्रिकनांना बर्गर-फ्राईज. एवढ्याशा काळात आतड्याच्या अस्तराचे नमुने बदलले! चोथा खाणाऱ्यांत ब्युटिरेट नावाचं आतड्याच्या पेशींचं अन्न वाढलं, दाह उतरला. दुसऱ्या बाजूला बरोबर उलटं. याचा अर्थ दोन आठवड्यांत कॅन्सर झाला किंवा टळला असा कुणी काढू नये, पण जमीन किती लवकर बदलते ते कळतं.

सायली_बी
मंगळवार, सकाळी ९:०२

छान चाललाय धागा. पण मग आपल्याकडे कमी आहे ते हळदीमुळे, असं वाचलं होतं. त्यात काय तथ्य?

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ९:४०

हळदीचं श्रेय हळदीला द्यायला पुरावा लागतो, तो माणसांवर पुरेसा नाही. आणि हळद पडते पुण्यातल्या आमटीतही आणि बार्शीच्या खेड्यातल्या आमटीतही. तरी शहरातले आकडे खेड्यापेक्षा जास्तच येतात.

त्या बार्शीबद्दल मात्र लिहायलाच हवं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली, टाटा हॉस्पिटलच्या मदतीने. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा नाव लिहू, असा कारभार नव्हता. कार्यकर्ते गावोगाव फिरून सरपंच, मास्तर, जाणते लोक यांना भेटायचे, कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून जातंय, कुणाचं वजन उतरलंय हे विचारून घ्यायचे आणि पेशंटला तपासणीला आणायचे. म्हणून तिथला आकडा कमी येतो तेव्हा "नोंदच झाली नसेल" म्हणून झटकता येत नाही. देशभरच्या नोंदणीचा २०१२ ते २०१६ चा अहवाल बघा. पुरुषांतले सगळे कॅन्सर धरून ऐझॉलमध्ये लाखात २६९, आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५. एकाच देशात सातपट. "भारतात कमी" या वाक्यात कितीतरी भारत कोंबलेत ते बघा.

सातासमुद्रापार, जपान्यांचं गणित आपल्या लोकांना मात्र जसंच्या तसं लागू होत नाही. इंग्लंडमधल्या दक्षिण आशियाई वस्तीत हा कॅन्सर तिथल्या गोऱ्यांपेक्षा कमीच राहिलाय. सिंगापुरातही चिनी लोकांपेक्षा भारतीयांत कमी. आपली माणसं घरचं खाणं सोबत घेऊन जातात म्हणून, दारू-सिगरेट कमी म्हणून, की आणखी काही, यावर वाद चालू आहेत.

तांबडापांढरा
मंगळवार, सकाळी १०:१०

मटणाचं काय ते बोला की आता. जीव टांगणीला लागलाय.

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, दुपारी २:२०

बोलते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन वगैरे, पहिल्या गटात टाकलं. कॅन्सरचं कारण म्हणून पुरावा पक्का. आपलं बोकडाचं मटण "लाल मांस" या दोन-अ गटात, म्हणजे बहुधा कारण. तंबाखूही पहिल्याच गटात म्हणून लोकांनी "सॉसेज म्हणजे सिगरेट" अशी आवई उठवली, ती चुकीची. गट हा पुराव्याच्या भक्कमपणाचा, धोक्याच्या आकाराचा नव्हे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी वाढतो, तोही मूळ धोक्यावर. मूळ शंभरात एक असेल तर तो एक पूर्णांक अठरा शतांश होतो.

रविवारी वाटीभर मटण खाणाऱ्या माणसाने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. रोज दोन वेळ, वर फ्रीजमधली सॉसेज, वर रात्रीची बाटली आणि दिवसभर खुर्ची, असं असेल तर उडू द्यावी. दारू, सिगरेट, पोटाचा घेर, बसून राहणं, हे सगळे या कॅन्सरचे सिद्ध झालेले हातभार आहेत. लोक मटणावर भांडतात आणि घेराबद्दल कुणी बोलत नाही. आणखी एक: निखाऱ्यावर करपेपर्यंत भाजलेल्या मांसात जी द्रव्यं तयार होतात ती रश्श्यात शिजवताना बरीच कमी होतात. पांढऱ्या रश्श्याची एवढी बाजू मी घेते.

तांबडापांढरा
मंगळवार, दुपारी २:२४

डॉक्टर, नाद खुळा! 🙏

गंगावेस
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

आमच्या दूध कट्ट्याबद्दल कुणी बोलेना. तालमीतनं सुटलं की म्हशीचं धारोष्ण प्यायचं, अशी आमची पिढी. दूध चांगलं की वाईट?

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री ८:०५

काका, या आजारापुरतं चांगलं. ब्रिटनमधल्या सुमारे साडेपाच लाख बायकांचा अभ्यास २०२५ मध्ये छापून आला. रोज ३०० मिलिग्रॅम जादा कॅल्शियम, म्हणजे मोठा पेलाभर दूध, घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर सुमारे १७ टक्के कमी. मात्र उकळून प्या. कच्च्या दुधाचे आजार वेगळे.

शाहूपुरीकर
मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. पण एक गोष्ट खटकते. आमच्या ऑफिसातल्या एकाला चाळिशीत हाच कॅन्सर निघाला. मुंबईत टाटाला गेला तर वॉर्डात निम्मे तरुण, असं तो सांगतो. मग आपल्याकडे कमी वयात होतो म्हणायचं का? तसं असेल तर तपासणी पंचेचाळीसच्याही आधी हवी ना?

आकडेमोड
मंगळवार, रात्री १०:३०

हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न. यात भले भले अडकतात.

टाटाच्याच ८०० रुग्णांचा एक लेख आहे, २०१७ चा. त्यात सरासरी वय ४७ निघालं. अमेरिकेत निदानाचं मधलं वय पासष्टीच्या पुढे. ऐकल्यावर वाटतं, भारतीयांना वीस वर्षं आधी होतो. पण तालमीत हात-पाय मोडणाऱ्यांचं सरासरी वय काढलं तर २२ येईल, कारण तिथे सत्तरीचा माणूस येतोच कुठे? भारताची निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली. म्हातारे कमी, आणि जे आहेत त्यांतले कितीजण गाव सोडून मुंबईपर्यंत पोचतात? वॉर्डात तरुण दिसणारच.

म्हणून रुग्णांचं सरासरी वय बाजूला ठेवा आणि असं विचारा: २५ ते ४९ वयाच्या एक लाख माणसांत दरवर्षी किती? लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत ५० देशांची तुलना आली होती. ऑस्ट्रेलियात १६.५, अमेरिकेत १५ च्या आसपास, भारतात ३.५. त्या यादीत सर्वांत खाली आपणच. म्हणजे आपल्याकडचा तरुणसुद्धा तिकडच्या तरुणापेक्षा कमी धोक्यात आहे.

यातली काळी बाजूही सांगतो. त्या ५० पैकी २७ देशांत तरुणांतलं प्रमाण वाढतंय. अमेरिकेने तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं, २०२१ मध्ये, ते याचमुळे. तुमच्या मावसभावाचा नंबर तिथे लागला.

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री ११:१०

आकडेमोड यांचं गणित बिनचूक आहे, पण काचेखाली जे दिसतं ते सगळं गणितात मावत नाही. आपल्या तरुण रुग्णांत या कॅन्सरची एक जात जास्त भेटते. पेशीत चिकट द्रव इतका भरतो की केंद्रक एका कडेला दाबलं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. म्हणून नावच सिग्नेट रिंग. टाटाच्या त्या ८०० मध्ये हे १३ टक्के होते. पाश्चात्त्य देशांत एखाद-दुसरा टक्का. ही जात वाईट, भराभर पसरते. हे असं का, याला खात्रीचं उत्तर नाही. आपल्याकडे गुदाशयाचा वाटाही मोठा आहे. म्हणजे बऱ्याचदा गाठ बोटाच्या टप्प्यात असते आणि तरी महिनोन्महिने कुणी बोट घालून बघत नाही.

तरुणांतल्या वाढीबद्दल नवीन धागादोरा लागलाय तो ई. कोलाय जंतूच्या काही जातींचा. हे जंतू कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात आणि ते आतड्याच्या पेशीच्या डीएनएवर ओळखू येणाऱ्या खुणा ठेवून जातं. ११ देशांतल्या ९८१ गाठींची जनुकीय तपासणी २०२५ मध्ये नेचरमध्ये आली. चाळिशीच्या आतल्यांत या खुणा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त होत्या, आणि त्या बहुधा पहिल्या दहा वर्षांतच पडलेल्या. कुठे जन्मलो हे कुठे राहतो याहून जास्त मोजावं लागेल की काय, असा प्रश्न यातून उभा राहतो. (त्या ११ देशांत भारत नव्हता.)

गंगावेस
बुधवार, सकाळी ७:००

डॉक्टरीणबाईंनी बोट घालून बघण्याचं लिहिलं म्हणून लिहितो. नाहीतर असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात.

मला एकसष्टाव्या वर्षी संडासला रक्त पडायला लागलं. लाल, भांड्यात दिसेल इतकं. आपल्या गावात भिंतीभिंतीवर पाट्या आहेतच, मूळव्याध, विना ऑपरेशन, गॅरंटीने. गेलो एकाकडे. नाव घेत नाही. त्यांनी धोतर सोडायलासुद्धा लावलं नाही. बसल्या बसल्या मूळव्याध ठरली, पुड्या सुरू झाल्या. पथ्य एकच, तिखट बंद. कोल्हापुरात राहून तिखट बंद! रक्त कधी थांबायचं, कधी चालू. मग दिवसातून चार-पाच वेळा जायला लागलो, आणि गेलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. विजार ढिली पडायला लागली तेव्हा सूनबाईने हट्टाने सर्जनकडे नेलं. त्यांनी हातमोजा घातला, मिनिटभरात गाठ लागली.

आधी किरणं, मग ऑपरेशन. काही महिने पोटावर पिशवी होती, पुढे ती काढली. आता बरा आहे, कट्ट्यावर जातो. तुमचं लाखात पाच का पन्नास ते चाललंय ते बरोबरच असेल. मला मात्र त्या पुड्यांच्या माणसाने "आपल्याकडे असला आजार नसतो" असंच सांगितलं होतं.

सायली_बी
बुधवार, सकाळी ८:२०

काका, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या सासूबाई हेच लपवतायत असं वाटतंय. आज बोलते.

सूक्ष्मदर्शी
बुधवार, सकाळी ८:४५

काका, अगदी हेच होतं. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, म्हणून मूळव्याध दिसली तरी चाळिशीपुढच्या माणसाने वर बघून घ्यायलाच हवं. लक्षणं अशी: रक्त दिसणं, शौचाची सवय बदलून काही आठवडे तशीच राहणं, वजन उतरणं, आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय घसरणं. उजव्या बाजूची गाठ असेल तर रक्त डोळ्याला दिसतच नाही, नुसती धाप लागते आणि लोक लोहाच्या गोळ्या गिळत बसतात.

तुमच्या मुलांनी चाळिशीला पहिली कोलोनोस्कोपी करून घ्यावी. आईवडील किंवा भावंडांत हा आजार असेल तर नियम वेगळा: चाळीस, किंवा घरातल्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. एका घरात दोघातिघांना, त्यातही पन्नाशीच्या आत झाला असेल तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या जनुकदोषाची, तपासणी करावी. शंभर रुग्णांत असे तीनेक. त्यांच्या बाबतीत कोल्हापूर की न्यू जर्सी याने फारसा फरक पडत नाही.

कृष्णाकाठ
बुधवार, दुपारी १:१५

मी शिरोळ तालुक्यातला. तुम्ही म्हणताय भारतात कमी, बार्शीत कमी. आमच्याकडे येऊन बघा. गल्लीत दोन-तीन घरं सोडून कॅन्सरचं घर. पोटाचा, स्तनाचा, रक्ताचा, सगळे आहेत. उसावर काय काय मारतात आणि नदीतनं काय काय येतं ते आम्हाला दिसतंय. ह्याला तुमच्या आकड्यात जागा आहे का नाही?

आकडेमोड
बुधवार, दुपारी ३:००

जागा आहे, पण त्यासाठी बार्शीसारखं गावोगाव फिरून वय, कॅन्सरची जात आणि वर्ष लावून मोजावं लागतं. तुम्ही लिहिलेत ते वेगवेगळे कॅन्सर आहेत आणि प्रत्येकाची कारणं वेगळी. एकाच कारणाने एका जागी वाढ झाली तर सहसा एखादीच जात उसळते. आतड्याच्या कॅन्सरपुरतं सांगायचं तर तंबाखू, दारू, वजन यांचा संबंध जितका पक्का आहे तितका फवारणीचा नाही. म्हणून फवारणी निर्दोष, असंही म्हणत नाही.

कृष्णाकाठ
बुधवार, दुपारी ३:२०

मोजायला कोण येतंय ते सांगा, भाकरीची सोय आमच्याकडं. तोवर आमची शंका आमच्याजवळ. शिबिरात बीपी, साखर बघतात, तोंड उघडून बघतात. पोटाचं कुणी विचारत नाही.

सूक्ष्मदर्शी
बुधवार, संध्याकाळी ६:३०

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत. आपल्याकडे तेच जास्त मारतात म्हणून. लाखात पाच असणाऱ्या आजारासाठी सगळ्या देशाला नळी घालणं परवडणारं नाही आणि शहाणपणाचंही नाही. म्हणून शाहूपुरीकर, तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, घरात कुणाला हा आजार नसेल तर. अगदीच चैन पडत नसेल तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी करा. लॅबला "एफआयटी" आहे का विचारा. जुन्या पद्धतीची देतील तर आधी तीन दिवस मटण बंद ठेवावं लागतं, नाहीतर बोकडाच्या रक्तानेही ती पॉझिटिव्ह येते.

तांबडापांढरा
बुधवार, संध्याकाळी ६:४१

म्हंजे आमच्या गल्लीची जुनी चाचणी करायची तर श्रावणातच करायला पायजे.

सूक्ष्मदर्शी
बुधवार, संध्याकाळी ६:५०

एफआयटी फक्त माणसाचं रक्त ओळखते, रविवारी रात्री जेवून सोमवारी नमुना दिला तरी चालतो. श्रावणाची वाट बघायला नको. पण डोळ्यांना रक्त दिसत असेल तर ही चाचणी करत बसू नका, सरळ सर्जन गाठा. सायली, सासूबाईंचं काय झालं ते कळवा.